गरज कोणाच्या मालकीची?



आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, फिटर-टर्नर आहेत, गॅरेजवाले आहेत आणि मोटारसायकलवरून रोज कामाला जाणारे तर घरोघरी आहेत. म्हणून न्यायाचा एक जुना प्रश्न आज आपण मोटारसायकलच्या एका लहानशा भागाच्या निमित्ताने विचारात घेऊ या. प्रश्न असा आहे : समोरच्या माणसाला एखादी वस्तू अगदी निकडीने हवी आहे आणि ती आपल्याखेरीज गावात कोणाकडेही नाही. अशा वेळी आपण तिची किंमत किती सांगावी?

भाग कोणता, ते आधी पाहू. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा दुसरा. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. पोलाद तापले की वाढते. म्हणून इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामध्ये साधारण केसाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते. यालाच आपले मेकॅनिक टॅपेट सेट करणे म्हणतात. आपल्या लाडक्या यामाहा आरएक्स १०० ला हे टॅपेटच नाहीत, कारण ती टू-स्ट्रोक गाडी. १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० मध्ये ही फट एका बारीक स्क्रूने व नटाने कमीजास्त करतात. १९७० च्या दशकातील मोठ्या, चार सिलिंडरच्या जपानी गाड्यांत, म्हणजे कावासाकी झेड १ किंवा सुझुकी जीएस ७५० यांसारख्या गाड्यांत, स्क्रू नसतो. तिथे शिम नावाची पोलादी चकती असते आणि फट बदलायची तर वेगळ्या जाडीची चकती घालावी लागते. एका चकतीच्या आणि तिच्या पुढच्या चकतीच्या जाडीत फरक असतो तो मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा.

ही फट वाढली तर इंजिन टकटक वाजू लागते आणि मालकाला लगेच कळते. फट कमी झाली तर मात्र आवाज येत नाही. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे वाजणाऱ्या दोषापेक्षा न वाजणारा दोष अधिक घातक. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा उपयोग होईल.

आता असा भाग मिळवायचा कोठून? गाडी माणसाबरोबर तीस-चाळीस वर्षे राहते, पण कंपन्यांचे संसार तितके टिकत नाहीत. हीरो आणि होंडा १९८४ साली एकत्र आले, डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी वेगळे होण्याचे जाहीर केले. सीडी १०० चे नशीब चांगले, कारण पुढे आलेल्या स्प्लेंडरचे इंजिन त्याच घराण्यातले आणि तिचे बरेच भाग हिला चालतात. ज्या गाड्यांचे घराणेच संपले त्यांच्या मालकांना मात्र जुन्या दुकानांचे खण धुंडाळावे लागतात, भंगारात हात घालावा लागतो. जो भाग एकेकाळी कोणत्याही दुकानात चहाच्या पैशांत मिळत असे, तो आता एखाद्याच खणात पिवळ्या पडलेल्या पाकिटात पडून असतो. आणि त्या खणाची किल्ली एकाच माणसाच्या हातात असते.

समजा, करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावातून रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन शहरात येणारा माणूस त्या दुकानात आला. गाडी बंद म्हणजे रतीब बंद. तो दारातूनच विचारतो, "आहे का हो?" त्याच्या आवाजातून त्याची निकड दुकानदाराला कळते. पाकिटावरची किंमत वीस रुपये आहे. दुकानदार मनात हिशेब करतो : हा माणूस पाचशे देईल, हजारही देईल.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमक्या अशाच प्रसंगाचा विचार करून ठेवला आहे. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे स्वतःचे नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे, त्यात अन्याय नाही. पण वस्तू मिळाल्याने घेणाऱ्याचा मोठा फायदा होतो आणि विकणाऱ्याचे काही बिघडत नाही, अशा वेळी त्या फायद्यापोटी किंमत वाढवू नये. कारण तो फायदा विकणाऱ्याने निर्माण केलेला नसून घेणाऱ्याच्या परिस्थितीतून आलेला आहे. जे आपले नाही ते माणसाने विकू नये. दूधवाल्याची अडचण ही दूधवाल्याची आहे. दुकानदार स्क्रू विकू शकतो, अडचण विकू शकत नाही.

यावर दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. तो म्हणेल, "फादर, वीस वर्षे हा माल मी सांभाळला. पैसा अडकला, भाडे भरले, शंभर पाकिटे गंजून फेकून दिली. इतरांनी कधीच रद्दीत काढला, मी ठेवला म्हणून आज मिळतोय. वीस रुपयांनाच द्यायचा असेल तर उद्या कोण ठेवील?" हे सारे खरे आहे. अडकलेला पैसा, जागा, फुकट गेलेला माल, शोधण्याचे कष्ट ही दुकानदाराची स्वतःची झीज आहे आणि ती किमतीत धरण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. दुर्मिळ वस्तू महाग होते, यातही पाप नाही. पावसाळ्यात कोथिंबीर महागते म्हणून मंडईतल्या मावशीला कोणी अन्यायी म्हणत नाही.

मग सीमारेषा कोठे आहे? आम्हाला वाटते, ती येथे आहे. वस्तूच्या टंचाईचा भाव सर्वांना सारखा असतो. माणसाच्या अगतिकतेचा भाव चेहरा पाहून ठरतो. किंमत सांगण्यापूर्वी दुकानदाराने मनाला एकच प्रश्न विचारावा : हाच माणूस आज सहज, घाई नसताना आला असता, तर मी हीच किंमत सांगितली असती का? उत्तर 'हो' असेल, तर किंमत दोनशे असो की तीनशे, त्याने निःशंक सांगावी. उत्तर 'नाही' असेल, तर वरचे पैसे ज्या गोष्टीचे आहेत ती त्याच्या खणात कधीच नव्हती.

असा विचार करणाऱ्याला आणखी एक पेच पडतो. त्याच दुकानात दुसरा एक गृहस्थ येतो. त्याच्याकडे जुनी गाडी आहे ती हौसेची, रविवारी रंकाळ्यावर एक फेरी मारण्यापुरती. पाकीट एकच आणि तो दूधवाल्याच्या पाचपट द्यायला तयार. येथे केवळ भावाने निकाल लावला तर भाग हौसेकडे जाईल आणि रतीब बंद पडेल. हौस वाईट नाही. जुने यंत्र जिवापाड जपणे हाही एक सद्गुण आहे. पण हौस थांबू शकते, पोट थांबत नाही. आधी आलेल्या गरजवंताला योग्य भावात माल देणाऱ्या दुकानदाराचे त्या दिवशी पैशात नुकसान होईल हे खरे, आणि असे नुकसान सोसायला कायदा कोणाला भाग पाडणार नाही. म्हणूनच त्याला चांगुलपणा म्हणतात.

किमतीइतकाच महत्त्वाचा विषय सांगण्या-न सांगण्याचा. संत थॉमस म्हणतात की वस्तूतला दोष उघड दिसत असेल तर तो बोलून दाखवण्याचे बंधन नाही, पण दोष लपलेला आणि नुकसान करणारा असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. आता ती न वाजणारी फट आठवा. टॅपेट स्क्रूचे टोक उष्णता देऊन कठीण केलेले असते. साध्या लोखंडातून लेथवर काढलेला स्क्रू दिसायला तसाच दिसतो, बसतोही नीट, पण रोज लाखो ठोके खाऊन त्याचे टोक पसरते. डुप्लिकेट माल विकणे हा आपोआप गुन्हा होत नाही. गरिबाला कधी तोच परवडतो. "हा डुप्लिकेट आहे, सहा महिने चालेल" एवढे एक वाक्य बोलले की तो व्यवहार स्वच्छ होतो. ते वाक्य गिळले की तोच व्यवहार फसवणूक होतो. तसेच, "दुसऱ्या गाडीचा हा साधा स्क्रू तुमच्या गाडीला चालेल, जुन्या पाकिटाचे पैसे कशाला घालवता?" असे सांगणारा दुकानदार न्यायाच्या पुढे एक पाऊल टाकतो. असे दुकानदार आपल्या शहरात आहेत. त्यांच्या दारात गर्दी का असते, हे वेगळे सांगायला नको.

न्याय एकाच बाजूने धावत नाही. गिऱ्हाइकांनो, आता आपली पाळी. भाग कोठेच मिळाला नाही की आपण उद्यमनगर गाठतो. जे मिळत नाही ते बनवायचे, ही या शहराची जुनी रीत. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेराच येथे तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. पण आपण टर्नरला काय म्हणतो? "एवढ्याशा स्क्रूचे एवढे पैसे?" एक नग काढायचा तरी लेथ लावावी लागते, माप घ्यावे लागते, आटे पाडावे लागतात, हार्डनिंगला पाठवावे लागते. शंभर नगांना लागणारी तयारी एका नगालाही लागतेच. त्याच्या हाताला आज दुसरे काम नाही हे ओळखून भाव पाडणे म्हणजे दुकानदाराने दूधवाल्याशी केले तेच आपण टर्नरशी करणे.

आणि एक प्रसंग असा, की जो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. एखादा जुना मेकॅनिक वारतो. त्याची पत्नी गॅरेज रिकामे करायला काढते. डब्यात शिमच्या चकत्या, न फोडलेली पाकिटे आहेत. तिच्या लेखी ते किलोवर जाणारे भंगार, जाणकार घेणाऱ्याच्या लेखी ते सोने. संत थॉमसांनी हाही प्रसंग सोडलेला नाही. विकणारा अजाणतेपणी सोने पितळेच्या भावात देत असेल आणि घेणाऱ्याला ते माहीत असेल, तर घेणारा अन्याय करतो आणि त्याने फरक परत केला पाहिजे, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. "मला डोळा होता म्हणून मिळाले" हे समर्थन तेथे टिकत नाही. आपल्या डोळ्याची आणि कष्टाची मजुरी आपण जरूर घ्यावी. तिचे अज्ञान मात्र आपली कमाई नव्हे.

शेवटी संत थॉमसांचीच एक सुंदर सूचना. ज्याला घेतलेल्या वस्तूचा मोठा उपयोग झाला, त्याने स्वखुशीने विकणाऱ्याला चार पैसे वर द्यावेत, त्यात त्याचा भलेपणा दिसतो. दुकानदाराने ते मागू नयेत, गिऱ्हाइकाने ते विसरू नयेत. दूधवाल्याची गाडी सुरू झाली, महिना नीट गेला, तर त्याने एखाद्या सकाळी लिटरभर दूध दुकानावर ठेवून जावे. त्या दुधाची पावती कोणी फाडणार नाही. पण पुढच्या वेळी दुकानदार खण उघडेल, तेव्हा तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे भाव ठरवण्यासाठी पाहणार नाही.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येक जण काही विकणार आहोत किंवा घेणार आहोत. वस्तू नाही तर श्रम, श्रम नाही तर वेळ. किंमत तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबू या आणि तिच्यात आपले किती आहे व समोरच्याच्या अडचणीचे किती, हे वेगवेगळे मोजून पाहू या.