किती देते?

गाय आणि गाडी या दोन गोष्टी दारात आल्या, की बघायला येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो : ‘किती देते?’ दोघींना एका ओळीत बसवल्याबद्दल गोभक्तांनी आणि गाडीवाल्यांनी रागावू नये. हिशेबाच्या वहीत दोन्ही ‘मालमत्ता’ याच सदरात येतात, आणि मी बी.कॉम. आहे. गायीच्या बाबतीत उत्तर लिटरमध्ये येतं, गाडीच्या बाबतीत किलोमीटरमध्ये. दोन्ही उत्तरांत थोडं पाणी असतं.

गाडीचा प्रश्न पूर्ण विचारायचा तर ‘ॲव्हरेज किती देते?’ असा असतो. आता ॲव्हरेज म्हणजे सरासरी. सरासरी कोणी देत नसतं, ती आपली आपण काढायची असते. संख्याशास्त्राच्या पेपरात ती काढताना मी घामाघूम झालो होतो. पण आपल्याकडे गाडी ती आपखुशीनं देते, आणि जास्त देणारी गाडी गुणी, कमी देणारी उधळी. हेडलाइट, सीट, ब्रेक यांचे गुण तोंडी परीक्षेचे. ॲव्हरेजचा पेपर शंभर मार्कांचा.

हा प्रश्न खरा तिच्या बाबतीत विचारला जातो, ती गाडी म्हणजे छोटी हॅचबॅक. मागे वेगळी डिकी नाही, पाठच उघडते. संतांनी लहानपणाचे गुण पुष्कळ गायिले; सरकारनं त्याच्यावर करात सवलत दिली. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलची असेल तर १२०० सीसीच्या आतली गाडी ‘छोटी’ ठरली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात अशा गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. उदाहरण म्हणून वॅगन आर घ्या. १९९९ साली ती आपल्याकडे आली तेव्हा लोक तिला हसले होते, कारण ती चाकं लावलेल्या कपाटासारखी दिसत होती. पुढे त्यातल्याच पुष्कळांनी ती घेतली. कपाटात सामान मावतं, हा शोध माणसाला लग्नानंतर लागतो. २०१९ पासूनचं तिचं रूप ३६५५ मिलिमीटर लांब, १६७५ मिलिमीटर उंच, आणि मागे सामानाला ३४१ लिटर जागा. त्यातल्या ९९८ सीसीच्या, हातानं गिअर टाकायच्या गाडीला २०२२ साली लिटरला २४.३५ किलोमीटर असा दाखला मिळाला. आमची गाडीही याच गोत्रातली. कुठली ते सांगत नाही; खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही, ही नोकरीची सवय.

हा दाखला येतो कुठून? १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आमच्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. पुणेकर या टेकडीवर सकाळी फिरायला जातात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. अशा चाचणीत गाडी तेवढीही तसदी घेत नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात; चाकं पळतात, गाडी जागची हलत नाही. सुमारे वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम असतो : इतका वेग घे, थांब, पुन्हा घे. वेग ताशी ९० च्या वर नाही, एसी बंद. नळस्टॉपचा सिग्नल नाही, आडवी येणारी रिक्षा नाही, ‘जरा काच खाली घे रे, गुदमरायला होतंय’ म्हणणारी आई नाही. पेट्रोल किती जळलं ते मागून निघणाऱ्या वायूंवरून काढतात. म्हणजे पाहुणा किती जेवला ते ढेकरेवरून ठरवायचं. यात लबाडी काही नाही. सगळ्या गाड्यांना प्रश्नपत्रिका एकच, त्यामुळे या गाडीपेक्षा ती बरी एवढं त्यातून नक्की कळतं. फक्त परीक्षेतले मार्क संसारात तसेच्या तसे पडत नाहीत, हे आपल्याला गाडी घेण्याआधीच माहीत असायला हवं. शहरात, एसी लावून, आमच्या गाडीचे १७ पडतात.

पण माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, प्रश्नाबद्दल आहे.

युरोपात गाडी बघायला येणारा माणूस ‘किती देते’ विचारत नाही. तिथे गाडीच्या कागदावर शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते लिहितात. म्हणजे ‘किती घेते’. तुम्ही म्हणाल, एकच गोष्ट उलटी केली, फरक काय पडला? मीही तसंच म्हणत होतो. मग एका दुपारी काउंटरवर गर्दी नसताना व्हाउचरच्या पाठीवर गणित मांडलं. महिन्याला १००० किलोमीटर धरा. लिटरला १० देणारी गाडी १०० लिटर पिते. १५ देणारी ६७ पिते. वाचले ३३ लिटर. आता २० देणारी गाडी ५० लिटर पिते, आणि २५ देणारी ४०. वाचले फक्त १०. दोन्हीकडे ‘देणं’ पाचानंच वाढलं, पण ‘घेणं’ एकीकडे ३३ नं घटलं, दुसरीकडे १० नं. आमचे हेडकॅशियर मेव्हण्याच्या गाडीपेक्षा आपली दोन किलोमीटर जास्त देते म्हणून दिवाळीभर प्रसन्न होते. ते दोन किलोमीटर बावीस-चोवीसमधले होते. महिन्याचे ५०० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला त्यात दोन लिटरही सुटत नाहीत. मी त्यांना हे सांगितलं नाही. सणासुदीला कोणाचा आनंद कमी करू नये.

बरं, पेट्रोल हा गाडीच्या जेवणातला केवळ चटणीचा भाग. सहा लाखांची गाडी घेतली तर १५ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचा घसारा ९०,००० रुपये होतो, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. ती दारात झाकण घालून उभी ठेवली तरी होतो. महिन्याला ५०० किलोमीटर फिरवली, १७ चं ॲव्हरेज पडलं आणि लिटर सोयीसाठी १०० रुपयांचा धरला, तर पेट्रोल जेमतेम २,९५० चं. म्हणजे ज्या खर्चावर आपण चहाच्या टपरीवर तासभर वाद घालतो त्याच्या अडीचपट खर्च तोंडातून शब्द न काढता होत असतो. घरातही असंच असतं. दुधाच्या बिलावर भांडण होतं, सोफ्यावर होत नाही.

आणि वाचवलेल्या पेट्रोलचं पुढे काय होतं? १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशावर एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त खपतो. काम स्वस्त झालं की माणूस ते जास्त करतो. जेव्हन्स कधी कोथरूडला आला नव्हता, तरी त्याला आमची सोसायटी माहीत होती. मोटरसायकलवर असताना आम्ही कोथिंबीर येताना आणत होतो. आता कोथिंबिरीसाठी जातो. ‘काय मोठंसं जळतंय?’ असं सौ. म्हणते, आणि तिचं खरंच असतं. प्रत्येक वेळी थोडंच जळतं. काटकसरी वस्तू घेतल्यानं माणूस काटकसरी होत नाही. पुष्कळदा काटकसरीचा मान वस्तूला देऊन तो स्वतः मोकळा होतो.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, बँकवाला आहे, नुसतं नावेच लिहितो, जमेचं सांगत नाही.

माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. मोठ्या ऐटबाज सेडानमध्ये बसायचं म्हणजे तिला विहिरीत उतरल्यासारखं होतं, आणि त्या उंच एसयूव्हीत चढायचं म्हणजे माळ्यावर. या उभट छोट्या गाडीची सीट नेमकी कमरेच्या उंचीला येते. दार उघडायचं, पाठ करून टेकायचं, आणि पाय आत घ्यायचे. कोणाचा हात धरावा लागत नाही. हात धरावा लागत नाही याची किंमत साठीपर्यंत कळत नाही. तिची धाकटी बहीण वाईला असते. मधली चार वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या, कारण एस.टी.ची पायरी उंच. गाडी आल्यावर पहिल्याच महिन्यात गेलो. पाच माणसं, एसी चालू, मागे तांदळाचं पोतं. खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरवर गाडीनं जे काही पेट्रोल प्यायचं ते प्यायली. त्या दिवशीचं ॲव्हरेज मी काढलं नाही. दोघी बहिणी ओसरीवर बसून तीन तास एकमेकींच्या सुनांबद्दल बोलल्या. हे लिटरला किती पडतं?

पण त्याच मागच्या सीटवर बसून एक अवघड हिशेबही येतो. गाडी हलकी असली की कमी पिते, हे खरं. २०२३ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं वॅगन आरची धडक-चाचणी घेतली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेला पाचातला एक तारा मिळाला आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेला शून्य. पुढे २०२५ मध्ये तिला सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, ही चांगली गोष्ट झाली. तरी प्रश्न राहतोच. २४.३५ हा आकडा दशांशासकट लोकांना पाठ असतो. तारे किती, ते मी अजून एकाही गाडी घेणाऱ्याला आपणहून सांगताना ऐकलं नाही. पेट्रोलमध्ये वाचलेले पैसे जातात पुढे बसून गाडी चालवणाऱ्याच्या खिशात. धोका मात्र मागे बसलेली आजी आणि तिच्या मांडीवर झोपलेली नात यांच्याही नावावर लिहिला जातो, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. ‘किती देते’ या प्रश्नात फक्त विचारणारा असतो. ‘किती घेते’ म्हटलं की लगेच ‘कोणाकडून’ असं विचारावं लागतं. म्हणूनच बहुधा आपण तो प्रश्न टाळतो.

ही सवय गाडीपाशी थांबली असती तर मी एवढी शाई खर्च केली नसती. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. काहीजणांना मुलं जपून आणतात, खुर्ची ओढून देतात. काहीजणांना नुसती आणतात. एकानं वडलांना बाकावर बसवलं आणि माझ्याकडे वाकून विचारलं, ‘साहेब, ह्यांचं आता किती येतं?’ आवाजात वाईटपणा अजिबात नव्हता. पेट्रोलपंपावर विचारावं इतक्या सहज विचारलं. म्हातारबुवा समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. त्या माणसानं आयुष्यात किती दिलं त्याचं पासबुक आमच्याकडे नव्हतं. आणि मुलानं किती घेतलं त्याचं तर कुठल्याच बँकेत नसतं.

घसारा काढायच्या दोन पद्धती आम्हाला शिकवल्या होत्या. एका पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते आणि ठरलेल्या वर्षी वस्तूची किंमत शून्य होते. दुसरीत दरवर्षी उरलेल्यातून टक्केवारीनं वजा करतात. किंमत कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. सहा लाखांची गाडी १५ टक्क्यांनी दहा वर्षांनी १,१८,००० ला येते, पंधरा वर्षांनी ५२,००० ला, आणि पुढे पुस्तकात काहीतरी शिल्लक राहतेच. परीक्षेपुरतं मी हे पाठ केलं होतं. माणसांना कुठली पद्धत लावायची हे त्या पुस्तकात नव्हतं, पण मला दुसरी जास्त बरोबर वाटते.

तेव्हा, छोटी हॅचबॅक घ्यावी का? रोजचं जाणं-येणं असेल, रस्ते अरुंद असतील, पार्किंग दीड गाडीचं असेल आणि घरात दुखरे गुडघे असतील, तर अवश्य घ्यावी. दाखल्यातल्या ॲव्हरेजमधून तिसरा हिस्सा वजा करून हिशेब मांडावा. पेट्रोलआधी घसारा बघावा. किलोमीटरआधी तारे मोजावेत, आणि मागच्या सीटवरही पट्टा लावायला सांगावा. कोथिंबीर येताना आणावी. आणि कोणी दारात येऊन ‘किती देते?’ विचारलंच, तर आकडा सांगून टाकावा. मी ‘बावीस’ सांगतो. पाणी सगळेच घालतात; आपण एकट्यानंच निर्भेळ दूध विकायला बसलो तर गाडीला कोण नावाजणार?