रानातली पाखरं आणि माझं पासबुक

बँकेतल्या कारकुनाने संतोषावर लिहायचं म्हणजे हलवायाने मधुमेहावर व्याख्यान देण्यासारखं आहे. पण बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला एवढा अधिकार मिळायला हरकत नसावी. या बावीस वर्षांत मी समाधानी गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. ठेवीदार म्हणतो व्याज फार कमी, कर्जदार म्हणतो व्याज फार जास्त. आणि जाताना दोघंही माझ्याकडे असं बघतात, की जणू मधला फरक मी रोज पिशवीतून घरी नेतो.

समाधानी माणूस मला एकच भेटला, आणि तो काउंटरच्या अलीकडच्या बाजूला बसतो. हा माझा मित्र नगरकडचा, ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की तो अर्धं मिनिट डोळे मिटून प्रार्थना करतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्याच्या डब्यातली बटाट्याची दोन-तीन कापं कमी झालेली असतात. डोळे उघडल्यावर ते त्याच्या लक्षात येतं, पण तो उरलेल्या कापांवर खुशाल जेवायला लागतो. अशा माणसाशी वाद घालणं कठीण. तरी मी घालतो.

वादाचा विषय ठरलेला: पैसा. तो मला डोंगरावरच्या प्रवचनातला पाखरांचा दाखला देतो. पाखरांकडे कोठारं नसतात, तरी ती उपाशी मरत नाहीत. मी म्हणतो, "पाखरांना पोरांच्या कॉलेजची फी भरावी लागत नाही. तुझं हे म्हणजे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' झालं."

"अरे, पाखरू कधी खाटल्यावर पडलेलं पाहिलंस?" तो म्हणतो. "पहाटेपासून वणवण हिंडतं ते. काम करू नका असं येशूने कुठं सांगितलंय? काळजी करू नका म्हणाला."

यावर मी गप्प बसतो. कारण आमच्या ब्रँचमध्ये काम न करता नुसती काळजी करणारी तीन माणसं आहेत, आणि त्यांतला एक मी आहे.

त्याच्या नादाने मीही बायबल थोडंफार चाळलं. कॉमर्सच्या पदवीधराने कुठलाही ग्रंथ उघडला तरी त्याची नजर आकड्यांवरच जायची. मत्तय हा शिष्य आधी जकात वसूल करणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीतला, हे वाचून बरं वाटलं. पण शिष्यांची पैशांची थैली ज्याच्या ताब्यात होती तो यहूदा, हे वाचून आमच्या कॅशियरकडे दोन दिवस वेगळ्याच नजरेनं पाहत होतो. मात्र एका दृष्टांतात मालकाने दिलेले पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराला मालक झापतो, की निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी आलं असतं! मी ते पान मित्राच्या पुढ्यात नाचवलं. तो हसून म्हणाला, "वाच, वाच. पण मालक पैसे पुरण्यावर रागावलाय, हे विसरू नकोस."

आणखी एक गोष्ट मला फार दिवस टोचत राहिली. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात भाकर मागितली आहे ती फक्त आजच्यापुरती. रानात इस्राएल लोकांना आकाशातून मान्ना मिळायचा, तोही रोजचा रोज. कुणी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. आता आमच्या घरी एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात, ऊन दाखवून, एरंडेल लावून. ही प्रार्थना रचण्याचं काम आमच्या सौ.कडे असतं तर तिने "वर्षाची भाकर, आणि पाहुणे आले तर थोडी जास्त" असं लिहिलं असतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण संसारी माणसाला हे जमतं का? हाच प्रश्न मी मित्राला केला तेव्हा त्याने रेव्हरंड टिळकांचं नाव घेतलं. मी म्हटलं, "टिळकांचं सांगू नकोस, मी 'स्मृतिचित्रे' वाचलंय." नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठे भक्त. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. पण त्याच घरात लक्ष्मीबाई होत्या, आणि चूल त्यांना पेटवायची होती. भरवसा एकाच्या नावावर जमा आणि ओढाताण दुसऱ्याच्या नावे, ही नोंद कुठल्या जमाखर्चात बसते? शिवाय संतोषाचा उपदेश नेहमी भरल्या पोटाकडून रिकाम्या पोटाकडेच का जातो? आमच्या तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण तेव्हासुद्धा त्यांनी आपल्या वाट्याची बुडवली, भावाच्या वाट्याची नाही. वैराग्य स्वतःच्या खात्यातूनच काढायचं असतं.

हे माझं म्हणणं मित्राने मान्य केलं. मग म्हणाला, "आता पंडिता रमाबाईंचं बघ." रमाबाईंच्या शारदासदनाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत १८९८ मध्ये संपली. शहाण्या बाईने मुदत संपत आली की खर्च आवरला असता. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुली केडगावला आणून ठेवल्या! ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलेलं होतं. त्या गृहस्थाने दोन हजार अनाथ मुलं राहतील एवढ्या इमारती उभ्या केल्या, आणि एका माणसाकडे कधी पैसे मागितले नाहीत, फक्त देवाकडे मागितले. पण मला भावलं ते दुसरंच. म्युलर आल्यागेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवून दरवर्षी छापत असे. रमाबाईंनीही केडगावला नुसती प्रार्थना केली नाही. विहिरी खणल्या, फळझाडं लावली, छापखाना चालवला. देवावर भरवसा आणि वही टापटीप! इथे मात्र मी मनातल्या मनात हात जोडले.

इथवर वाद सुखाचा होता. मग गेल्या पावसाळ्यात आमच्या ब्रँचला चहा देणारे काका माझ्याजवळ आले. बायकोचं ऑपरेशन होतं, चाळीस हजार कमी पडत होते. मी म्हटलं, "काका, सगळे पैसे अडकलेत हो." आणि ते शंभर टक्के खरं होतं. मीच अडकवले होते.

दुसऱ्या दिवशी मित्राने स्वतःची मुदत ठेवीची पावती माझ्या टेबलावर ठेवली. मुदतीआधी मोडायची. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पन्नास हजार.

"एक टक्का दंड बसेल," मी म्हटलं. "पाच महिनेच राहिलेत, थांब की."

"मी थांबेन. काकांची बायको थांबेल का?"

"आणि पोरीची फी?"

"मागेन."

"कोणाकडे?"

"आधी वर. मग तुझ्याकडे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याचा देवावरचा भरवसा एवढा मोठा कसा, तर देवाने जामीन म्हणून मला घेतला होता, आणि तेही न विचारता! आकाशातून नोटा पडत नाहीत. देव द्यायचं म्हणतो आणि चेक आमच्यासारख्यांच्या नावाने फाडतो. आम्ही तो "खात्यात पुरेशी रक्कम नाही" असा शेरा मारून परत करतो, आणि संध्याकाळी देवळात जाऊन आपल्या घंटेला उत्तर का येत नाही म्हणून वर बघतो.

जूनमध्ये त्याने खरंच मागितले. वीस हजार. काका दरमहा फेडत होते, पण तेवढे कमी पडले. मी माझी पावती काढली. एक टक्का दंडाने जीव कासावीस झाला, हे लपवत नाही. रात्री झोपही आली नाही. सौ. म्हणाली, "पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो म्हणता, मग मोडायची कशाला?" तिला काय सांगणार? २०२० पासून पाच लाखांपर्यंतचा विमा आहे खरा, पण तो बँक बुडाली तर. माणूस आपल्याच ठेवीत बुडाला तर त्याची भरपाई कुणी देत नाही.

बायबलात एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट आहे. पीक उदंड आलं, म्हणून त्याने मोठी कोठारं बांधायचा बेत केला आणि त्याच रात्री त्याला बोलावणं आलं. देव त्याला एवढंच विचारतो, की हे सगळं आता कुणाचं होणार? बावीस वर्षं मी प्रत्येक ठेवीदाराला अगदी हाच प्रश्न विचारत आलो आहे. त्या रकान्याला आम्ही नॉमिनेशन म्हणतो.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवरचा तो रकाना मी परवा पुन्हा वाचला. सौ.चं नाव आहे, ते ठीकच आहे. पण चहावाल्या काकांच्या बायकोचं नाव लिहायला तिथे जागा नाही. ते काम हयातीतच करावं लागतं, आणि मुदतीआधी.