तुला काय दिसते?



यिर्मयाला परमेश्वराने संदेष्टा म्हणून बोलावले, तेव्हा तो अगदी तरुण होता. आपल्याला नीट बोलता येत नाही, आपले वय लहान आहे, अशी सबब त्याने पुढे केली. परमेश्वराने ती मानली नाही. त्याला धीर दिला आणि लगेच त्याची पहिली परीक्षा घेतली. ती परीक्षा बोलण्याची नव्हती, पाठांतराचीही नव्हती, पाहण्याची होती. तुला काय दिसते, एवढेच परमेश्वराने विचारले. यिर्मयाने समोर पाहिले आणि बदामाच्या झाडाची डहाळी दिसते असे सांगितले. तू बरोबर पाहिलेस, अशी पावती त्याला मिळाली (यिर्मया 1:11-12).

पॅलेस्टाईनमध्ये हिवाळा सरताना इतर झाडांच्या आधी बदाम फुलतो. हिब्रू भाषेत बदामाला 'शाकेद' म्हणतात आणि जागत पहारा करणाऱ्याला 'शोकेद'. हे दोन शब्द सख्ख्या भावंडांसारखे आहेत. त्या डहाळीतून परमेश्वर सांगत होता, की दिलेल्या वचनावर मी जागता पहारा ठेवून आहे. यिर्मयाने डहाळी पाहिलीच नसती, तर हे वचन त्याच्यापर्यंत पोचले कसे असते?

आज हाच प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहू या. आपल्यापैकी पुष्कळ जण रोज चालतात. कुणी सकाळच्या मिस्सेला पायी येतो, कुणी एसटी स्टँडपर्यंत चालत जातो, कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्यामुळे रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितलेले असते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा चार भिंतीच्या चढावर, कराडला प्रीतिसंगमावर, सांगलीला कृष्णेच्या घाटावर पहाटेपासून माणसांची वर्दळ असते. पाय चालतात, पण कानात मोबाईल असतो आणि डोक्यात कर्जाचा हप्ता. घरी परतल्यावर परमेश्वराने विचारले, 'बाळा, वाटेत तुला काय दिसले?' तर आपण काय उत्तर देऊ?

रानाचा उपवासकाळ

आपला उपवासकाळ माघ-फाल्गुनात सुरू होतो. ईस्टरची तारीख चंद्रावरून ठरते, हे आपल्याला माहीत आहेच. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार. याचा अर्थ, आपला सर्वांत मोठा सण पवित्र मंडळीने वसंत ऋतूला बांधून ठेवला आहे. तेव्हा या दिवसांत वेदीवर काय चालले आहे याबरोबरच रस्त्याच्या कडेला काय चालले आहे, हेही पाहण्यासारखे असते.

थंड देशांत वसंत म्हणजे बर्फ वितळून हिरवळ येणे. आपल्याकडे तसे नाही. आपल्या डोंगरांवरचे गवत या दिवसांत वाळून पिवळे पडते, ओढे आटतात, माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाण्याची चिंता सुरू होते. नेमक्या याच वेळी पळस फुलतो. पळसाला पाने तीनच अशी आपली म्हण आहे, पण फाल्गुनात त्याच्याकडे ती तीनसुद्धा उरत नाहीत. सगळी पाने गाळून, काळपट वाकड्या फांद्यांवर तो केशरी फुले धरतो. पांगारा तसाच, काटेसावर तशीच. आधी देऊन टाकायचे, मग फुलायचे, हा या झाडांचा क्रम आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपल्याला जे सांगितले जाते, तेच ही झाडे वर्षानुवर्षे करत आली आहेत.

सावरीच्या फुललेल्या झाडाखाली सकाळी पाच मिनिटे उभे राहावे. तिच्या जाड लाल फुलांच्या वाट्यांत मध भरलेला असतो. कावळे येतात, साळुंक्या येतात, बुलबुल येतात, बोटभर सूर्यपक्षी येतो, खार येते, मधमाश्या तर असतातच. रानात दुसरीकडे पाणी नसते, तेव्हा हे निष्पर्ण झाड सगळ्यांना पाजत असते. पुढे त्याची बोंडे फुटतात आणि कापूस वाऱ्यावर उडून जातो. त्यातही ते स्वतःसाठी काही ठेवत नाही.

पिंपळाकडे पाहा. त्याची कोवळी पालवी तांब्यासारखी चमकते. कडुनिंबाच्या मोहोराचा मंद वास संध्याकाळी सबंध गल्लीत पसरतो. तांबट पक्षी डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण भांड्यावर हातोडी पडावी तशी त्याची टुक-टुक दुपारभर चाललेली असते. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. आणि उघड्या माळावर, खडेगोट्यांत, काडीचेही घरटे न बांधता टिटवी चारेक अंडी घालते. ती अंडी मातीच्याच रंगाची असतात. ऊन फार तापले की टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून परत येते आणि त्या ओलाव्याने अंड्यांना गारवा देते. परमेश्वराची माया कशी असते हे समजावून सांगायला आम्हां प्रवचनकारांना पुष्कळ शब्द लागतात. टिटवी ते एका खेपेत दाखवते.

प्रभू चालत होता आणि पाहत होता

प्रभू येशूने आपल्याला आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहायला सांगितले आहे (मत्तय 6:26-30). फुलांविषयी बोलताना मूळ ग्रीक शुभवर्तमानात जे क्रियापद आले आहे, त्याचा अर्थ नुसते बघा असा नाही, तर नीट न्याहाळा, त्यांच्याकडून शिका असा आहे. ही प्रभूची आज्ञा आहे. दहा आज्ञा मोडल्या तर आपण पापनिवेदनाला जातो. ही आज्ञा आपण रोज मोडतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

प्रभूने ही आज्ञा आधी स्वतः पाळली. तो गालीलापासून यरुशलेमपर्यंत पायी फिरणारा होता. अंजिराची फांदी कोवळी कधी होते, मोहरीचे झाड केवढे वाढते, कोंबडी पिलांना पंखांखाली कशी घेते, हे त्याला ठाऊक होते. बाजारात चिमण्यांचा भाव काय, हेही त्याला माहीत होते. मत्तय सांगतो, की एका नाण्याला दोन चिमण्या मिळत. लूक सांगतो, की दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट, वर घातलेली. त्या फुकट चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभूने शिकवले (लूक 12:6-7).

आणि यरीहोच्या रस्त्यावर काय झाले? गर्दीतून चालताना प्रभूने मान वर करून उंबराच्या झाडाकडे पाहिले. तिथे फांदीवर एक बुटका माणूस बसलेला होता. सबंध गावाने त्याला वाळीत टाकल्यासारखे केले होते. प्रभूने त्याला नावाने हाक मारली, त्याच्या घरी जेवायला गेला आणि जक्कयच्या घराला तारण लाभले (लूक 19:1-10). वाटेवरच्या झाडाकडे पाहणाऱ्याला त्या झाडावरचा माणूसही दिसतो.

बंधुभगिनींनो, आजच्या चिंतनाचा गाभा हाच आहे. डोळे दोन प्रकारचे नसतात. पळस पाहायला एक आणि शेजारी पाहायला दुसरा, असे आपल्याला दिलेले नाहीत. एकाकडे दुर्लक्ष करायची सवय लागली, की दुसऱ्याकडेही दुर्लक्ष होते. लाजरस श्रीमंताच्या दारातच पडलेला होता. श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकललेही नाही. त्याला तो दिसलाच नाही, आणि तेवढ्यासाठी त्याचा नाश झाला (लूक 16:19-31).

भोरड्या आणि कोपी

आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे आपल्या ज्वारीच्या शेतांवर येतात. गुलाबी-काळ्या रंगाचे हे पक्षी मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून हजारो किलोमीटर उडत येतात. वसंतात ते पळस-सावरीवर मध पिण्यासाठी गोळा होतात, म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. एप्रिलच्या सुमारास ते परत निघतात.

याच काळात आणखी एक थवा आपल्या रस्त्यांवरून परत निघतो. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस तोडायला बीडकडून आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून दिवाळीच्या सुमारास माणसे येतात. कारखान्याच्या आसपास, शेताच्या बांधाला त्यांच्या कोपी उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाट होण्याआधी बाई फडात उतरते, लेकरू पाचटावर झोपलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपले, की टायरगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ही कुटुंबे निघून जातात. पाच-सहा महिने ती आपल्या फिरायच्या वाटेवरच होती. भोरड्या कधी गेल्या हे ज्याला कळत नाही, त्याला ही माणसे कधी गेली हे तरी कुठून कळणार?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले, त्यात त्यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले होते. त्याचा अर्थ समजून घ्यायला रोमला जावे लागत नाही. उसाच्या फडापर्यंत गेले तरी पुरते.

पाहिल्यावर गप्प बसता येत नाही

कुणी म्हणेल, झाडापाखरांची ही भक्ती आपल्या धर्मात बसते का? असिसीकर संत फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटले, पण उपासना निर्मात्याचीच केली. 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच संताला पर्यावरणाच्या कार्याचा आश्रयदाता घोषित केले. आपल्या साताऱ्यातही एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आयुष्याची अखेरची काही वर्षे इथे काढली आणि 1919 साली त्यांचे निधन झाले. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण प्रभूचे होते. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणतो. फुले आणि मुले एकाच दमात, हे ध्यानात घ्यावे.

कुणी म्हणेल, दुष्काळात फुले पाहायला सवड कुणाला आहे? पण ज्याच्या विहिरीचे पाणी खाली गेले आहे, तो शेतकरीच आंब्याचा मोहोर आणि टिटवीची जागा आपल्यापेक्षा बारकाईने पाहतो. पाहणे ही चैन नाही, ती काळजीची पहिली पायरी आहे.

दरवर्षी या दिवसांत आपल्या डोंगरांवर वणवे दिसतात. वाळलेले गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, या समजुतीने पुष्कळदा ते लावले जातात. कोवळी रोपे, अंडी, सरडे, ससे, सगळे त्यात होरपळते आणि पावसाळ्यात उघडी पडलेली माती वाहून जाते. रात्री दुरून ती आगीची माळ सुंदर दिसते. पण ज्याने दिवसा तो उतार पायी पाहिलेला असतो, त्याला ती सुंदर वाटत नाही.

याउलट सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहा. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरच्या या टेकड्या एके काळी उजाड होत्या. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांना त्या उजाड दिसल्या आणि ते गप्प बसले नाहीत. तिथे झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली आणि 1985 साली ते अभयारण्य घोषित झाले. जेमतेम 11 चौरस किलोमीटरचे ते रान माणसांच्या कष्टाने उभे राहिले आहे. बोडक्या फांदीवर फूल येते, तसेच बोडक्या डोंगरावर रानही येते.

तेव्हा पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत आपण एवढे करू या. रोजच्या वाटेवर मोबाईल दहा मिनिटे खिशात ठेवू. एक झाड आपले म्हणून ठरवू आणि त्याच्यात दररोज काय बदलते ते पाहू. अंगणात, गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवू आणि ते रोज धुऊन भरू. डोंगरावर धूर दिसला तर वनविभागाला कळवू. उपवासाने वाचलेले पैसे किंवा धान्य जवळच्या कोपीपर्यंत स्वतः जाऊन पोचवू आणि तिथल्या लेकराचे नाव विचारू. संध्याकाळी रोझरीच्या आधी घरात एकमेकांना विचारू, आज वाटेत काय दिसले? जे आजारपणामुळे बाहेर पडू शकत नाहीत, त्यांना ही बातमी आवर्जून सांगू. खिडकीतून दिसणारी एक फांदीही त्यांना पुरेल. यिर्मयालाही एकच डहाळी दिसली होती.

हे प्रभू, तू वाटेने चालताना झाड पाहिलेस आणि झाडावरचा माणूसही पाहिलास. आमच्या पायांना तू चाल दिली आहेस, आता डोळ्यांना जाग दे. बोडक्या फांदीवरचे फूल आणि रस्त्याकडेचे लेकरू, दोन्ही आम्हाला दिसोत. आमेन.