धाब्यावर बसवलेलं ऊन

गेल्या वर्षी मे महिन्यात, दुपारी साडेतीन वाजता, मी आमच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदा तासभर बसलो. इमारत बांधून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

इमारत म्हणजे फार काही नाही. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत, रस्त्याला लागून, खाली तीन दुकानं आणि वर दोन खोल्या. पपई आणि उसाच्या पैशातून आबांनी बांधलेली. वरच्या एका खोलीत एक मावशी शिवणक्लास चालवतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे इमारतीशी माझा संबंध फोनवरचा: भाडं आलं का, नळ दुरुस्त झाला का, एवढाच.

दोन वर्षांपूर्वी स्लॅब गळायला लागला. मावशींच्या गिऱ्हाइकांच्या साड्यांवर डाग पडले. त्यांनी फोटो पाठवले, मी इंटरनेटवर रात्रभर वाचन केलं आणि ठरवलं की मॉडिफाइड बिटुमेनची शीट टाकायची. ठेकेदाराने दोन भाव सांगितले होते: नुसती काळी शीट, किंवा वरून पांढरा परावर्तक थर देऊन. पांढऱ्याचे सुमारे 35 हजार जास्त. मी विचारलं, ‘त्याने गळती जास्त थांबते का?’ तो म्हणाला, ‘गळती दोन्हीने थांबते.’ मग काळीच टाकली. निर्णयाला एक मिनिटही लागलं नसेल.

गळती थांबली. पुढच्या उन्हाळ्यात मावशी आबांना म्हणाल्या, ‘भाऊ, पाणी थांबलं, पण आता खोलीत बसवत नाही.’ एका मुलीला मशीनवरच चक्कर आली होती. आबांनी मला हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी ‘उन्हाळाच आहे यंदा’ असं म्हणून विषय संपवला. गावी गेल्यावर वर जाऊन बसलो तेव्हा कळलं, की मी काय संपवलं होतं.

आधी ही शीट काय असते ते सांगतो. साधं डांबर पन्नासेक अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात हवाच 43-44 अंशांपर्यंत जाते आणि काळी गच्ची 70 च्या पुढे. म्हणजे साधं डांबर तिथे टिकणारच नाही, ओघळेल. म्हणून त्यात पॉलिमर मिसळतात. थंड प्रदेशांत एसबीएस वापरतात, ते रबरासारखं लवचीक असतं. उष्ण प्रदेशांत एपीपी, म्हणजे ॲटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन. गंमत अशी, की पॉलिप्रोपिलीन बनवताना हे सुरुवातीला टाकाऊ म्हणूनच निघायचं. 1960 च्या दशकात इटलीत ते डांबरात मिसळलं गेलं आणि दीडशे अंशांच्या आसपासपर्यंत न वितळणारी शीट तयार झाली. आखाती देशांतल्या मॉलपासून आमच्या तीन दुकानांपर्यंत हीच वंशावळ. आत पॉलिएस्टरचं कापड, जाडी तीन-चार मिलिमीटर, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब गुंडाळी. खालची बाजू गॅसच्या ज्योतीने वितळवत स्लॅबवर चिकटवत जायची.

थोडक्यात, शीटला ऊन सोसतं. आपण अख्खं तंत्रज्ञान या एका प्रश्नावर उभं केलंय: छपराला ऊन कसं सोसेल? छपराखालच्या माणसाला कसं सोसेल, हा प्रश्न वेगळ्या खर्चाचा, वेगळ्या ओळीत. आणि ती ओळ मी खोडली होती.

काळा पृष्ठभाग पडलेलं जवळपास सगळं ऊन शोषतो. नवा पांढरा थर त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवतो. शोषलेलं ऊन काँक्रीटमधून हळूहळू खाली उतरतं, म्हणून खोली सर्वांत जास्त तापते ती दुपारी नाही, संध्याकाळी. बाहेर वारा सुटलेला असतो, लोक ओट्यावर येऊन बसलेले असतात आणि मावशींच्या डोक्यावरचा स्लॅब तेव्हा दुपार परत करत असतो.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट कोसळली तर अलर्ट येतो, रात्री दोनला फोन वाजतो. पण एखादं पान सगळ्यांसाठी दोन सेकंद हळू झालं, तर कुणी तक्रार करत नाही. लोक फक्त वाट बघतात. गळती म्हणजे कोसळणं. तिचा डाग पडतो, फोटो काढता येतो, नुकसानीचा हिशोब मांडता येतो. उष्णतेचा डाग पडत नाही. मावशी मला कशाचा फोटो पाठवणार होत्या? मला वाटतं, आपली नीतिमत्ता बरीचशी डाग बघून चालते. ज्या त्रासाचा पुरावा राहत नाही त्याला आपण त्रास मानत नाही, ‘हवामान’ म्हणतो.

आबांचं म्हणणं वेगळं होतं. ‘वरचा मजला तापतो, म्हणून तर भाडं कमी आहे. त्यांना माहीत होतं.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, जगातले बरेच व्यवहार असेच चालतात. पण त्यांनी खोली घेतली तेव्हा वर राखाडी कोबा होता, काळी शीट नव्हती. मी छप्पर बदललं, करार तोच राहिला. आणि शिवण शिकायला येणाऱ्या मुलींनी तर कुठलाच करार केलेला नव्हता.

जॉन रॉल्सने 1971 च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये एक कल्पना मांडली: समाजाचे नियम ठरवा, पण त्या समाजात आपण कोण असू हे माहीत नाही असं धरून ठरवा. मी ती छपरावर लावून पाहिली. शीट निवडायची, पण आपण खालच्या दुकानात बसणार, वरच्या खोलीत की पुण्यात, हे माहीत नाही. तर मी 35 हजार नक्की दिले असते. पण हा हिशोब मांडताना मला एक पात्र आठवलंच नव्हतं: शीट टाकणारा.

हे काम उन्हाळ्यातच करावं लागतं. स्लॅबमध्ये ओल राहिली तर तिची वाफ होते आणि शीटखाली फुगे येतात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, तापलेल्या स्लॅबवर, हातात ज्योत घेऊन, माणूस डांबर वितळवत मागे मागे सरकत जातो. ठेका चौरस फुटावर असतो, त्यामुळे सावलीला बसलं की मजुरी थांबते. आमच्याकडे दोन पोरं आली होती, सातपुड्याच्या पाड्यांवरची. हे मला फोटोतून माहीत. फोटोत मी शीटचे जोड बघितले होते, ते चार इंच एकमेकांवर आलेत की नाही. पोरांचे चेहरे आता आठवू म्हटलं तर आठवत नाहीत.

आमच्याकडे स्लॅबच्या गच्चीलाही धाबंच म्हणतात. शब्द जुन्या मातीच्या घरांचा. लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या-काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि दर वर्षी पावसाआधी वर नवी खारी माती. ती घरं उन्हाळ्यात गार असायची, हे आजीकडून शंभरदा ऐकलंय. पण ती गळायचीही आणि त्यांत विंचू निघायचे. शिवाय माती वाहणारा सालदार स्वतः कुडाच्या झोपडीत राहायचा. तेव्हा जुनं ते सोनं म्हणायची मला घाई नाही. एक गोष्ट मात्र खरी: धाब्याचा निर्णय घेणारा माणूस त्याच धाब्याखाली झोपायचा. चूक झाली तर पहिला थेंब त्याच्याच अंगावर पडायचा. आता निर्णय पुण्यात होतो आणि ऊन ब्राह्मणपुरीत उतरतं.

मराठीत ‘नियम धाब्यावर बसवले’ म्हणतात. आम्ही नियम बसवले नाहीत, कारण आम्हाला लागू होणारा नियमच नव्हता. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता सपाट छतासाठी परावर्तनाची अट घालते, पण ती 100 किलोवॅट जोडणीच्या मोठ्या व्यापारी इमारतींपासून सुरू होते. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं, अहमदाबादने 2013 मध्येच उष्णता कृती आराखडा केला. तीन दुकानं आणि दोन खोल्यांची इमारत मात्र सहसा कुठल्याच आराखड्यात नसते. तिथे कायदा म्हणजे मालकाचं मन.

त्या दुपारी तासाभराने मी खाली आलो. पावसाआधी आम्ही पांढरा थर दिला. तापमान मोजायच्या गनने मी आधी 71 अंश मोजले होते, थर वाळल्यावर तशाच उन्हात 47. खोलीतला फरक तीन अंशांच्या आसपास, पंख्याच्या वाऱ्यात मात्र जास्त जाणवतो. काम सकाळी सहा ते दहा एवढंच करायचं आणि मजुरी दिवसावर द्यायची, असं ठरवलं. आबांना ते उधळपट्टी वाटलं.

पण पांढरं पांढरं राहत नाही. खान्देशची धूळ त्यावर बसते आणि छप्पर हळूहळू पुन्हा ऊन पिऊ लागतं. वर्षातून एकदा ते धुवावं लागतं. यंदा गुढीपाडव्याच्या सुट्टीत मी बादली आणि खराटा घेऊन वर चढलो. अर्धं धुऊन झालं तेव्हा तळव्यांना चटके बसायला लागले आणि मला कळलं, की चपला मी जिन्यातच सोडल्या आहेत. शेवटपर्यंत तसाच धूत राहिलो. त्याने काही फिटलं असं नाही.

खाली उतरलो तर आबा मावशींच्या दारात उभे होते. पंख्याखाली हात धरून म्हणाले, ‘चांगलंच गार झालंय की. आता वरचं भाडं वाढवायला हरकत नाही.’

मावशींनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. खोलीत सहा मुली होत्या.

मी म्हणालो, ‘आबा, ते 35 हजार भाड्यातले नाहीत. आधीच द्यायचे राहिलेले होते.’

आबा काही बोलले नाहीत. भाडं अजून तेवढंच आहे. पण पुढच्या वर्षी करार संपतोय आणि त्या वेळी मी कुठे असेन हे मला माहीत नाही.