उत्तर पाहून केलेले गणित

गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात. ती आधी पाहून, मधल्या पायऱ्या वाकवीत वाकवीत तेथवर पोहोचणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याचे उत्तर बरोबर असते. तरीही शिक्षक त्याला गुण देत नाहीत. का देत नाहीत, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही तो आज चुकलेला नाही.

सूर्यावर अधूनमधून स्फोट होतात. तप्त, विद्युत्भारित वायूचा प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. तो फार वेगाने निघाला तर त्याच्यापुढे धक्क्याची एक लाट धावते. वाटेतले सूक्ष्म कण ह्या लाटेच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा पुन्हा टोलवले जातात व टोल्यागणिक त्यांचा वेग वाढतो. लोट पृथ्वीशी यावयास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. परंतु सर्वांत वेगवान कण अर्ध्या तासाच्या आत येऊन थडकतात. जमिनीवर आपल्याला वातावरणाचे छत्र आहे. चंद्रावर गेलेल्याला ते नसते. १९७२ च्या एप्रिलात 'अपोलो १६' चे यात्री चंद्रावर जाऊन आले, डिसेंबरात 'अपोलो १७' चे गेले. आणि मधल्या ऑगस्टात कणांचा असा भयंकर वर्षाव झाला की, तेव्हा तेथे कोणी असते तर त्यांच्या जिवावर बेतण्याची भीती होती. केवळ तारखांनी माणसे वाचली!

तारखांच्या भरवशावर किती दिवस राहावयाचे? म्हणून शास्त्रज्ञ संगणकात सूर्याचा एक नमुना मांडतात. काल्पनिक लाट, काल्पनिक चुंबकीय रेषा आणि लक्षावधी काल्पनिक कण. ते किती व केव्हा पृथ्वीशी पोहोचतील, हे यंत्र मोजते. मोजमाप प्रत्यक्षाशी जुळले नाही, तर गृहीत धरलेले आकडे बदलून पाहावयाचे. मोहाची जागा ती हीच. आकडे इतके असतात की, होऊन गेलेले कोणतेही वादळ थोड्या खटपटीने जुळवून दाखविता यावे. पण हे उत्तर पाहून केलेले गणितच नव्हे काय? नमुन्याची खरी परीक्षा एकच: वादळ येण्याआधी त्याने बोलावे, आणि चुकला तर चुकला म्हणून नोंद व्हावी.

ह्या कामी लागणारी सचोटी कशी असते, ते आपल्या मुंबईतच पाहावयास मिळते. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे अचानक विलक्षण खाली गेली. तो तडाखा कणांचा नव्हे, लोटाचा होता. निरीक्षकाने ती अविश्वसनीय मापे जशीच्या तशी लिहून ठेवली. 'असे कसे होईल' म्हणून त्यांना आकार दिला नाही. ती २००३ साली अभ्यासकांनी जगापुढे मांडली. आज तेच काम 'आदित्य एल-१' करीत आहे. २०२३ च्या सप्टेंबरात निघालेले हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवर राहून सूर्याकडे पाहते. त्यावरची सूर्यबिंब टिपणारी एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने घडविली, तर कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने.

परंतु सचोटीचा सारा भार सांगणाऱ्यावरच का टाकावा? 'शंभरात साठ हिश्श्यांनी वादळ येईल', असे कोणी प्रामाणिकपणे म्हणाला, तर आपण चिडतो. 'येणार की नाही, एवढेच सांगा!' आणि निश्चित सांगणारा भोंदू भेटला की, त्याच्या पाया पडतो. ऐकणाऱ्याला अर्धवट सत्य सोसत नसले, म्हणजे सांगणाऱ्याला पूर्ण असत्य बोलण्याचा मोह होतो. ह्या पापात आपलाही वाटा असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे फार पूर्वी उमगले आहे. पाऊस किती पडेल, हे त्याला कोणीही खात्रीने सांगू शकले नाही. म्हणून तो बाजरीत तूर, मटकी मिसळून पेरीत आला. एक गेले तर दुसरे हाती लागावे. आपल्या अज्ञानाचे माप त्याने लपविले नाही, ते पाभरीतून जमिनीत पेरले. कणांचा अंदाज सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी एवढे जरी त्याच्यापासून घेतले, तरी पुष्कळ झाले.