दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. व्यवहारांत ती खोटी ठरवूं जाणारा बहुधा उपाशीच राहील. परंतु वाङ्मयांत अशा पाहुण्याचा पूर्वापार सत्कार झालेला दिसतो. रामायणांतला हनुमान महाभारताच्या वनपर्वांत भीमाच्या वाटेवर पडून राहतो, आणि त्याचें शेपूट हलवितां हलवितां बलाढ्य भीमाचा गर्व उतरतो. दोन निराळ्या काव्यांतले हे वायुपुत्र समोरासमोर आणण्याची लहर कोणा कवीस आली नसती, तर श्रोते एका निर्मळ आनंदास मुकले असते.

अशीच लहर आमच्या काळांत पाश्चात्त्य कथांच्या चाहत्यांनीं आंतरजालावर जोपासली. आवडत्या कथेंतील पात्रें घेऊन हौसेनें नवी कथा रचावयाची, द्रव्याची अपेक्षा ठेवावयाची नाहीं, हा त्यांचा परिपाठ. त्यांतहि दोन परक्या कथांचीं पात्रें एकत्र आणणाऱ्या रचनेस ते 'क्रॉसओव्हर' म्हणतात. आम्ही तीस संगमकथा म्हणूं. २०१२ च्या सुमारास 'टम्बलर' या स्थळावर 'सुपरनॅचरल'मधील भुताखेतांची शिकार करणारे दोघे भाऊ, निळ्या पेटींतून कालप्रवास करणारा 'डॉक्टर हू'चा नायक आणि बेकर स्ट्रीटचा होम्स यांची अशी गट्टी जमविण्यांत आली कीं, तिन्ही नांवांचा सांधा होऊन 'सुपरहूलॉक' हें नवेंच नांव रूढ झालें. असल्या थट्टेचा बहर आतां ओसरला, अशी त्या मंडळींतील जुन्या लोकांची तक्रार आहे. त्यावरून प्रश्न असा उभा राहतो: ज्या खेळापासून ना ज्ञान, ना द्रव्य, ना कीर्ति, तो मंदावला तर मनुष्याचें काय गेलें?

कांहींच गेलें नाहीं, असें म्हणणारांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. संगमकथेची गोडी लागावयास दोन्ही मूळ कथा ठाऊक असाव्या लागतात. आणि पुष्कळशा संगमकथा पोरकट असत, हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु ऱ्हासाचीं कारणें तपासलीं म्हणजे निराळा विचार सुचतो.

पहिलें कारण जागेच्या मांडणीचें. १९९९ सालीं निघालेल्या 'लाइव्हजर्नल'वर वाचक मनुष्याच्या मागें जात असे. मित्राच्या पानावर त्याच्या सगळ्याच आवडी एकत्र नांदत. २००७ सालीं तेथील शेंकडों खातीं एकाएकीं बंद करण्यांत आल्यावर रसिक बिथरले, आणि २००९ सालीं त्यांनीं स्वतः उभारलेलें 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हें ग्रंथालय सर्वांस खुलें झालें. त्याची योग्यता मोठी. २०१९ सालीं त्यास ह्यूगो पारितोषिकहि मिळालें. परंतु ग्रंथालयांत मनुष्य नेमकें हवें तेंच मागतो. तेथें एक खूण केली कीं साऱ्या संगमकथा यादींतून गळतात. सोय उत्तम, पण दोन घरचा पाहुणा येथें खरोखरच उपाशी राहतो.

दुसरें कारण मालकीचें. १९०६ सालीं मोरिस लब्लांनें आपल्या ल्यूपँची शेरलॉक होम्सशीं गांठ घालून दिली. डॉइलनें हरकत घेतांच त्यानें अक्षरांची अदलाबदल करून 'हर्लॉक शोल्म्स' बनविला आणि खेळ चालूं ठेवला. आतां मालक स्वतःच हा खेळ मांडतात. २०२१ च्या 'स्पायडरमॅन: नो वे होम' या चित्रपटांत तीन चित्रमालिकांतले तीन नायक एकत्र आले व प्रेक्षक तृप्त झाले. मात्र मालकानें भरविलेल्या संमेलनांत कोणास बोलवावयाचें, हें अखेर करारनामे ठरवितात. रसिकाच्या संमेलनांत तें आवड ठरविते. विकतची मेजवानी रोज मिळूं लागली म्हणजे घरची चूल पेटविण्याचा कंटाळा येतो.

तिसरें कारण आम्हांस सर्वांत गंभीर वाटतें. तें म्हणजे लाज. 'सुपरहूलॉक'चा पुढें इतका उपहास झाला कीं, एके काळीं त्यांत रमलेले लोकहि तें नांव ओशाळून घेऊं लागले. खेळणारा मनुष्य निःशस्त्र असतो. चार अनोळखी लोक हंसतील, या भीतीनें तो खेळ टाकतो आणि त्याऐवजीं कथेचा पहारेकरी होतो: कोणतें पात्र मूळ स्वभावास धरून आहे, कोणाचें वाचन अशुद्ध, याची चौकशी करीत बसतो. असें प्रेम निष्ठावंत दिसतें, पण त्याचा मोकळेपणा गेलेला असतो. आपल्या संतांनीं विठ्ठलाशीं भांडण मांडलें, त्यास खरीखोटी सुनावली. त्यांची भक्ति उणी होती, असें कोण म्हणेल?

म्हणून आमचें मत असें कीं, संगमकथेचें मोल तिच्या गुणावर मोजूं नये. आपणांस प्रिय असलेल्या दोन वस्तु एकमेकींसहि प्रिय व्हाव्या, ही इच्छा मित्राची मित्राशीं ओळख करून देणाऱ्याची आहे. ती ओळख कधीं फसेल, कधीं हास्यास्पद ठरेल. तथापि तसें होऊं देण्याइतकी क्षमा ज्या रसिकमंडळांत उरली नाहीं, त्याचें ग्रंथालय कितीहि समृद्ध असो, त्यांत नव्या पाहुण्यास पाट मांडणारा कोणी उरणार नाहीं.