कर्ता आणि भोक्ता

‘जो करील तो भोगील’ हा न्याय आपल्या समाजाच्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्याविषयीं शंका घेणें पाखंड वाटावें. परंतु हवामानाचा जो पालट मनुष्याच्या हातून होत आहे, तो पाहतां या न्यायावर कितपत विसंबावें, असा प्रश्न आम्हांस पडतो.

दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें कार्बन डायॉक्साइड वायु वाढतो, आणि तो वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित स्वीडनच्या अर्‍हेनियसनें १८९६ सालींच मांडलें होतें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. आज तो ४२० हून अधिक आहे. तापलेली हवा दर अंशामागें सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत जवळजवळ तिप्पट झाले, असें पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें.

ता. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर वाचक विसरले नसतील. आंबिल ओढा एकाएकीं फुगला, अरण्येश्वराच्या बाजूस भिंत कोसळली, आणि शहर व जिल्हा मिळून विसांहून अधिक माणसें दगावलीं. ओढ्याचें पात्र बांधकामांनीं आवळलें होतें, सबब दोष कोळशाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. एका रात्रीच्या पावसाचा सारा भार तापलेल्या हवेवर टाकणें शास्त्रास धरून नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हवा तापविणें काय किंवा पात्र आवळणें काय, दोन्हीं कृत्यें माणसाचींच; आणि अशा पुरांत सर्वांआधीं जातात त्या ओढ्याकांठच्या झोपड्या.

‘आमच्या एका मोटारीनें जग किती तापणार?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतून नेहमीं ऐकूं येतो. गणितानें उत्तर ‘शून्याहून किंचित् अधिक’ असेंच येईल! पेशव्यांनीं कात्रजचें पाणी नळानें शहरांतील हौदांत आणलें. त्या हौदावरून हजारांनीं एकेक घागर अधिक नेली असती, तर हौद कोरडा पडला असता आणि चोर मात्र एकही सांपडला नसता. येथें तर रिकामी घागर घेऊन येणारा अजून जन्मासही यावयाचा आहे. कारण या वायूचा मोठा अंश शतकानुशतकें हवेंत राहतो.

युरोप-अमेरिकेनें आपल्याहून फार आधीं व फार अधिक जाळलें, हें खरेंच. राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींत तें ठणकावून सांगितलेंच पाहिजे. मात्र भारताची दरडोई सरासरी अल्प आहे असें सांगतांना ती कोणामुळें अल्प आहे, हें आपण मध्यमवर्गीय सांगत नाहीं. थंड केलेल्या खोलींत निजणारे, मुलांस भेटावयास विमानानें परदेशीं जाणारे आपण त्या सरासरींत बसत नाहीं. तिच्या आडोशास तेवढे उभे राहतों. ती खालीं ठेवणारे लोक ओढ्याकांठच्या त्या झोपड्यांत राहतात.